डोक्याचा घेर

माझ्या डोक्याचा घेर किती, हे बहात्तर वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. शाळेत उंची मोजली, दवाखान्यात वजन केलं, उरलेलं सगळं शिंप्याने मोजलं. डोक्यात काही आहे की नाही, अशी शंका घरातल्या पुष्कळांनी वेळोवेळी घेतली. पण बाहेरून ते किती भरतं याची पंचाईत कुणाला नव्हती. ती निघाली खाणतळ्याच्या क्लबाच्या अर्जात, रकाना क्रमांक चौदा.

खाणतळं आमच्या गावाच्या टोकाला आहे. पूर्वी तिथून दगड काढत. दगड संपला, खाली झरा लागला आणि खड्डा भरला. आता तिथे कठडा आहे, कपडे बदलायच्या खोल्या आहेत, क्लब आहे आणि 'पाण्यात असताना आरडाओरडा करू नये' अशी पाटी आहे. बुडणाऱ्याने काय करावं, हे पाटीवर लिहिलेलं नाही. माझ्या लहानपणी यातलं काहीच नव्हतं. पाणी होतं आणि माझी ताई होती.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती कातळावरून सूर मारायची आणि गडप व्हायची. मी काठावर तिचे कपडे मांडीवर घेऊन बसायचे, कारण मला कानाचं दुखणं. जरा गार पाणी गेलं की दोन दिवस ठणका. "पाण्यात पाय घातलास तर तंगडं मोडीन," असं आई म्हणायची, म्हणजे कानाचा राग पायावर. ताई वर यायची तेव्हा तिचा चेहरा निराळाच दिसायचा, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी जाऊन आल्यासारखा. मी विचारायचे, "काय आहे गं खाली?" ती केस पिळत म्हणायची, "तुला नाही कळायचं." एवढंच. पुढे तिचं लग्न झालं आणि ती लांब गेली. माझं झालं आणि मी होते तिथेच राहिले. मधल्या साठ-बासष्ट वर्षांत मी ते विसरले, असं कुणी समजू नये. भाजी निवडताना, बसची वाट बघताना, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत मास्तरीणबाई त्याच्या गणिताबद्दल बोलत असताना मला मधूनच ते पाणी आठवायचं आणि वाटायचं, ताईला ठाऊक आहे, मला नाही.

या थंडीत क्लबाने जाहीर केलं की पोहता येवो न येवो, कुणालाही पाठीला हवेची टाकी लावून, शिकवणारीचा हात धरून, पंधरा फूट खाली तळावर नेऊन आणतील. कातळाच्या बाजूला खाण उथळ आहे आणि ताई नेमकी तिथेच सूर मारायची. क्लब नेणार तो फक्त थंडीत, कारण उन्हाळ्यात पाणी शेवाळाने असं हिरवं होतं की स्वतःचा हात दिसत नाही. तळ दिसतो तो कडाक्याच्या दोन महिन्यांतच.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात बघितलं, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "कान केव्हाच बरा झालाय. हृदय तर तुमच्या मुलाच्या हृदयापेक्षा बरं आहे. पण थंडीत तुमची बोटं पांढरी पडतात ना? बोटं आणि कान झाकल्याशिवाय पाण्यात जायचं नाही."

क्लब अंगातला पोशाख देतो, टाकी देतो. हातमोजे आणि डोक्यावरची टोपी मात्र ज्याची त्याने आणायची, स्वच्छतेच्या कारणास्तव. आणि ती साधी कापडाची चालत नाहीत, निओप्रीन नावाच्या फुगलेल्या रबरासारख्या मालाची लागतात.

अर्ज घेऊन मी क्लबाच्या चिटणीसांसमोर बसले. त्यांनी माझा दाखला पाहिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"वीस तारखेला त्र्याहत्तर पूर्ण. त्र्याहत्तर पूर्ण झाल्यावर परवानगी नाही."

"अहो, ती तारीख खरी नाही. शाळेत घालताना मास्तरांनी मनाला येईल ती लिहिली. मी चांगली आठ महिन्यांनी लहान आहे."

"मग खरी तारीख कुठली?"

"तारीख कुठे कोण लिहीत होतं? आई सांगायची, मी झाले तेव्हा अंगणात लाकडं फोडायला माणूस आला होता."

"त्याचा दाखला आहे?"

"लाकडांचा?"

"माणसाचा."

तो नव्हता. म्हणजे माझ्या हातात अठरा दिवस होते. आणि रकाना चौदा.

आमच्या इमारतीत कुठल्याही घरात काही नवीन यायचं म्हटलं की ते आधी सगळ्या घरांतून चर्चेला जाऊन मग त्या घरात येतं. वरच्या मजल्यावर हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे हवामानवाले म्हणतात. त्यांनी 'आकाश निरभ्र राहील' म्हटलं की लोक छत्री काढत. पण आवाजात अशी जरब की छत्री काढतानाही लोकांना अपराधी वाटे. ते जिन्यातच म्हणाले, "वहिनी, पाणी अंगातली ऊब हवेच्या पंचवीस पट वेगाने पळवतं. जाडीत तडजोड करू नका. हातमोजे सात मिलिमीटर. सातच्या खाली येऊच नका!"

समोरच्या दारातल्या बाईंना आम्ही मनातल्या मनात दवंडी म्हणतो. त्या म्हणाल्या, "रबर आटतं हो! माझ्या नणंदेचे पावसाळी बूट एका पावसात तिच्या मुलीला बसायला लागले. सैल घ्या."

मुलगा म्हणाला, "आई, तुला खाली काय आहे ते बघायचंय ना? क्लबाने फोटो टाकलेत. हा बघ..." मी डोळे गच्च मिटून घेतले आणि तो फोन खिशात ठेवेपर्यंत उघडले नाहीत. साठ वर्षं उपाशी राहून कुणी जेवणाचा फोटो बघतं का?

राहता राहिली सून. ती सरळ टेप घेऊन आली.

"आई, अंबाडा सोडता का? माप घ्यायचंय."

"अंबाडा माझ्या डोक्याचाच भाग आहे. त्याच्यासकट घे."

तिने तसंच माप घेतलं. त्रेसष्ट सेंटिमीटर भरलं. मी ते सुवाच्य अक्षरात रकान्यात लिहिलं आणि अर्ज देऊन आले.

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. तो अंबाडा माझ्या डोक्याचा भाग होता, हे पावपट खरं होतं. पन्नाशीच्या आत मला मोठा ताप येऊन गेला आणि केस गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून आत गंगावन आहे. मी ते निगुतीने सांभाळते, दर चारपाच वर्षांनी वयाला शोभेल असं थोडं अधिक पिकलेलं नवं आणते. माझ्याबरोबर मी त्यालाही म्हातारं करत आणलं. आमच्या ह्यांनी ते कधी ओळखलं नाही, किंवा ओळखून गप्प राहिले. दोन्हींत मला सुख होतं.

पोहण्याच्या सामानाचा दुकानदार मला एका मिनिटात मॅडमवरून मावशीवर आणि मावशीवरून आजीवर आला. माझ्या हातातला कागद बघून त्याने विचारलं, "त्रेसष्ट? हे हेल्मेटवरून घेतलंय का?"

"डोक्यावरून घेतलंय."

"आजी, ही टोपी कातडीसारखी घट्ट बसावी लागते. आत थोडंसंच पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेने गरम होतं आणि तेच ऊब धरतं. सैल असली की गार पाणी आतून वाहत राहतं. मग टोपी असून नसल्यासारखी. तुम्ही जरा केस मोकळे करता का? मी नीट मोजतो."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी पदर सावरला आणि म्हणाले, "मोजलेलं आहे."

शिवाय घट्ट घ्यायचं, हे मला पटेना. आमच्या घरात कुठलीही वस्तू कधी घट्ट घेतलेली नाही. शाळेचा गणवेश पुढच्या वर्षाच्या मापाचा, चपला पुढच्या इयत्तेच्या, स्वेटर तर मुलाने मुलाला द्यावा अशा बेताचा. बहात्तराव्या वर्षी डोकं वाढत नाही, हे मला कळतं. पण हात आपोआप मोठ्या मापाकडे जातो. मी पुरुषांतली सगळ्यांत मोठी टोपी घेतली आणि हातमोजे सात मिलिमीटर. दुकानदाराने पिशवी हातात देताना 'काळजी घ्या' म्हटलं, ते मला तेव्हा सौजन्य वाटलं.

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर बादली भरली. नवं कापड आधी भिजवून आटवून घ्यावं, मग अंगाला लावावं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. कोमट पाणी, काळा रंग जाऊ नये म्हणून मूठभर मीठ, आणि दुकानाचा वास जावा म्हणून थोडी साबणाची पूड. पण ती जोडी बुडेना. टोपी पाण्यावर कासवासारखी तरंगायची आणि हातमोजे बादलीच्या काठाला धरून बाहेर यायला बघायचे. शेवटी मी वर पाट ठेवला, पाटावर लोखंडी कढई ठेवली आणि दुपारभर दाबून धरलं.

संध्याकाळी ते पिळायला गेले तर पिळलंही जाईना. मग टोपीचा आकार बिघडू नये म्हणून तिच्यात वर्तमानपत्रं कोंबली, गॅलरीतल्या दोरीवर मधोमध टोपी लटकवली आणि दोन्ही बाजूंना चिमट्यांनी एकेक हातमोजा. मी आत येऊन चहा ठेवते न ठेवते तोच बाहेर किंकाळी फुटली. दवंडीबाई बाजारातून येत होत्या. दिवेलागणीची वेळ, वाऱ्यावर एक काळं डोकं आणि त्याच्या शेजारी दोन काळे हात त्यांना 'या, या' करत होते. रखवालदार काठी घेऊन वर आला. सगळा जिना गोळा झाला. मला दारात उभं राहून सर्वांना सांगावं लागलं की ते माझे आहेत.

"तुमचे म्हणजे?" दवंडीबाईंनी छातीवर हात ठेवून विचारलं.

"म्हणजे डोकं आणि हात."

ते पुढे तीन दिवस ठिबकत होते. खालच्या मजल्यावरच्यांनी छत्रीखाली बसून वर्तमानपत्र वाचलं, असं दवंडीबाईंकडूनच कळलं. आणि एवढं होऊन टोपी सुतभरही आटली नाही. घातली की पुढून डोळ्यांवर यायची आणि मागून अंबाड्यावर तंबूसारखी उभी राहायची. सून ती बदलून आणायला गेली, तर दुकानदाराने वास घेतला आणि हात जोडले, "ताई, याला कपडे धुवायच्या साबणाचा वास येतोय. हे मी कुणाला विकू?"

त्या रविवारी नेहमीप्रमाणे ताईचा फोन आला. तिचे गुडघे गेले आहेत, ती आता घराबाहेर पडत नाही. पण आवाज अजून कातळावरचा आहे. मी क्लबाचं तिला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर 'तुला नाही झेपायचं' हे ऐकावं लागलं असतं. मी नुसतं विचारलं, "ताई, खाणीच्या तळाशी काय होतं गं?"

ती म्हणाली, "आता कशाला ते? दुसरं काही बोल. सुनेचा खोकला बरा आहे का?"

फोन ठेवला आणि मला इतकं एकटं वाटलं की मी टोपी उचलली आणि शिंप्याकडे गेले.

आमचा शिंपी जुना माणूस. त्याने टोपी उलटीसुलटी केली, ताणली, नाकाला लावली. "चाळीस वर्षांत असलं गिऱ्हाईक नाही आलं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. त्याने मागच्या बाजूला अंबाड्याची जागा सोडून चार टक्स घातले आणि हनुवटीखाली एक बटण लावलं. बटणाचा रंगही शोधून जुळवला. मला टोपी छान बसली. सुईने केलेली भोकं पाण्याला दिसतात, हे त्याला सुचलं नाही आणि मलाही नाही.

सोळा तारखेला क्लबातल्या सरावाच्या टाकीत मला उतरवलं. शिकवणारी मुलगी तिशीची असेल, हसरी आणि माणसाला उगाच 'आज्जीऽऽ' करून लाडावून न बोलणारी. तिने खुणा शिकवल्या. पाण्याखाली बोलता येत नाही. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. वर जायचं असेल तर अंगठा वर.

गोल करायला बोट वाकावं लागतं. सात मिलिमीटरच्या मोज्यात बोट वाकत नाही. ते केळ्यासारखं उभं राहतं आणि त्यातल्या त्यात सगळ्यांत उभा राहतो तो अंगठा. तिने खुणेने विचारलं, ठीक आहे ना? मी सांगायला गेले, ठीक आहे. तिने मला वर आणलं.

"काय झालं, आजी?"

"काही नाही. छान वाटत होतं."

परत खाली. परत विचारलं, परत मी छान आहे म्हणाले, परत वर. चार वेळा मी चार फूट पाण्यातून सुखरूप वाचले. हवामानवाले मुद्दाम बघायला आले होते, ते काठावरून ओरडत होते, "पण हात गरम आहेत ना, वहिनी?" हात गरम होते.

पाचव्या वेळेला सुईची सगळी भोकं एकदम कामाला लागली. पाणी टक्समधून आत आलं, टोपी फुगली, माझ्या डोक्याभोवती दुसरं डोकं तयार झालं. बटण तुटून गेलं. मला गार झोत जाणवला, मग मानेला काहीतरी मऊ लागलं, आणि मी वर आले तेव्हा टाकीतले दोघे जण 'साप! साप!' करत शिडीकडे धावत होते.

ते माझ्या डाव्या हाताला सावकाश पोहत चाललं होतं. शेपूट हलवत.

चिटणीस पाला काढायची जाळी घेऊन आले. त्यांनी ते उचललं, निरखून पाहिलं आणि सगळ्या टाकीला ऐकू जाईल असं विचारलं, "हे कुणाचं आहे?"

मी टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं, म्हणजे बघत असणारच. "माझं नाही," मी म्हणाले.

ते नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांनी सापडलेल्या वस्तूंच्या वहीत लिहिलं: 'केसांचा झुबका एक, करड्या रंगाचा, लांबी अंदाजे दीड फूट, ओला.' मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून सूचनाफलकावर टाचणीने लावलं. खाली चिठ्ठी: 'ओळख पटवून न्यावे.'

मी घरी आले आणि खोलीचं दार लोटून घेतलं. डोक्याला टॉवेल तसाच. ठरवून टाकलं की झालं तेवढं पुरे. या वयात माणसाने आपल्या पायरीने राहावं. ज्यांना सूर मारायचा त्यांनी मारला, ज्यांना काठावर बसायचं त्यांनी बसावं. मी मनाशी एक एक वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं.

सून दार ढकलून आत आली. हातात टेप.

"आई, टॉवेल काढा. अजून चार दिवस आहेत."

"तुला कुणी सांगितलं?"

"दवंडीबाईंनी सांगितलं. पण ते गंगावनाचं मला या घरात आले त्या वर्षापासून ठाऊक आहे. तुम्ही आंघोळीला गेलात की ते कपाटाच्या आतल्या खुंटीला असायचं. मला आधी उंदीर वाटला होता."

"मग इतक्या वर्षांत बोलली नाहीस?"

"तुम्ही माझ्या गाण्याबद्दल बोललात का कधी?"

सून स्वयंपाकघरात गाते. ते गाणं ऐकून आमचा दूधवाला लवकर निघतो. मी खरंच कधी काही बोलले नव्हते.

मी टॉवेल काढला. तिने माझे उरलेले केस हाताने सारखे केले, मानेशी बारीकशी वेणी घातली आणि टेप फिरवली. चोपन्न.

"बघा," ती म्हणाली, "एवढंसं डोकं आणि त्यात केवढा हट्ट."

अठरा तारखेला आम्ही दोघी दुकानात गेलो. मी स्वतःहून डोक्यावरचा पदर काढला. दुकानदाराने बायकांच्या मापाची एक लहान टोपी आणली, आतून ओली केली, चेहऱ्याकडची कड आत दुमडली आणि कपाळापासून मागे ओढत नेली. मला क्षणभर वाटलं कान इथेच राहतील. मग सगळं एकदम जागेवर बसलं. दुकानातले आवाज लांब गेले. तीन मिलिमीटरचे हातमोजे चढवल्यावर त्याने काउंटरवर एक टाचणी ठेवली आणि खुणेने सांगितलं, उचला. मी उचलली. मग अंगठा आणि बोट जुळवून त्याला गोल करून दाखवला. त्याला वाटलं, मी मालाची तारीफ करते आहे.

आरशात पाहिलं तर केस नाहीत, मान नाही, नुसता चेहरा. चापून बसलेला, ओला. मला तो ओळखीचा वाटला आणि मग कळलं की तो माझा नव्हता, पाण्यातून वर येतानाचा ताईचा होता. मी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिले. सुनेने विचारलं, "घट्ट होतंय का?" मी बोटांनी गोल करून दाखवला.

एकोणीस तारखेला सकाळी दहा वाजता मी खाणतळ्यावर हजर. सून होती, हवामानवाले होते ('आकाश निरभ्र राहील' म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी वर बघितलं), आणि दवंडीबाई तर डबा घेऊन आल्या होत्या. चिटणीसांनी माझा अर्ज काढला, टोपीवरचं माप पाहिलं, परत अर्ज पाहिला.

"अर्जात डोक्याचा घेर त्रेसष्ट आहे. टोपी चोपन्नची."

"हो. बरोबर बसते."

"ते ठीक आहे. पण अर्जात त्रेसष्ट आहे. नऊ सेंटिमीटर कुठे गेले?"

"अहो, काय फरक पडतो?"

"साहित्य अर्जातल्या मापाचं पाहिजे. माप बदललं तर नवा अर्ज. नव्या अर्जाला तीन दिवस."

"उद्या मी कागदावर त्र्याहत्तरची होते!"

"म्हणून विचारतोय," ते म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांचा स्वर वाईट नव्हता. "फरकाचं कारण लिहिता आलं तर हाच अर्ज चालतो. तसा नियम आहे. काही कारण आहे का?"

कारण त्यांच्या डोक्यामागे फलकावर लटकत होतं. आता वाळलं होतं आणि पिशवीत जरा फुगून बसलं होतं. मागे रांगेत नऊ-दहा माणसं. दवंडीबाईंनी डब्याचं झाकण उघडता उघडता हात थांबवला.

तेवीस वर्षं मी ते लपवलं होतं. नवऱ्यापासून, मुलापासून, आजारपणात नर्सपासून. आणि पलीकडे कठड्याखाली पाणी होतं, इतकं स्वच्छ की कातळाची कड पाण्याखाली कुठपर्यंत जाते ते उभ्या जागेवरून दिसत होतं.

"ते नऊ सेंटिमीटर तुमच्या फलकावर आहेत," मी म्हणाले. "ते माझं आहे. द्या इकडे."

कुणी हसलं नाही. हवामानवाले एकदम आकाश बघायला लागले. चिटणीसांनी पिशवी काढली, वही काढली आणि विचारलं, "ओळख पटवता?"

"त्यात उजवीकडे दोन काळे केस जास्त आहेत. मागच्या वेळी गंगावनवाल्याने फसवलं."

त्यांनी मोजून पाहिले नाहीत. वहीत 'वस्तू मालकास परत' असं लिहून माझी सही घेतली. मग अर्जावर रकाना चौदापुढे लिहिलं: 'फरक, कृत्रिम केसांमुळे. समाधानकारक.' इतका स्वच्छ शेरा माझ्यावर आयुष्यात कुणी मारला नव्हता. दवंडीबाई पुढे आल्या आणि माझ्या कानाशी, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, म्हणाल्या, "कुठून घेता हो तुम्ही? माझं फार चटकन पिवळं पडतं."

मग मी खाली गेले.

मानेपाशी पाण्याची एक रेघ आत शिरली, सुईसारखी गार. थोड्या वेळाने ती गरम झाली आणि माझीच होऊन गेली. कान दुखला नाही. कानात फक्त माझा श्वास होता. शिकवणारीने हात धरला होता. मधूनमधून ती बोटांनी विचारायची आणि मी बोटांनी सांगायचे, ठीक आहे. माझे पाय तळाला लागले. मी मोज्यातला हात कातळावर ठेवला आणि बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वर बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. वर जायची खूण तिने केली, तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली. तिने परत केली. मी परत नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, हळूच उचललं.

दुपारी मी ताईला फोन लावला. रविवार नव्हता म्हणून ती घाबरली.

"काय गं, कुणाचं काही झालं का?"

"नाही. ताई, मी खाणीत जाऊन आले."

"कुठल्या खाणीत?"

"आपल्या. पाण्यात. तळापर्यंत."

मी 'तुला नाही झेपायचं'ची वाट बघत राहिले.

"कान?" तिने विचारलं.

"झाकले होते. बोटंही झाकली होती."

"बरं केलंस." मग आवाज एकदम लहान झाला. "काय आहे गं खाली?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेते आहे. "तू मला विचारतेस? उन्हाळा म्हणू नको, थंडी म्हणू नको, जेव्हा बघावं तेव्हा खाली असायचीस."

"डोळे मिटून जायचे गं."

"काय?"

"डोळे गच्च मिटून. मला फार भीती वाटायची. पाय तळाला लागले की लाथ मारून वर. एकदा उघडावेत असं दर वेळी ठरवायचे, आणि नाही जमायचं. मग लग्न झालं."

"मग मला 'तुला नाही कळायचं' म्हणायचीस ते?"

"मग काय म्हणणार? तू काठावर अशी डोळे फाडून बसलेली असायचीस, मी कुठली राजाची राणी असल्यासारखी. 'बघितलं नाही' म्हणवेना." ती हसली, मग हसणं राहिलं. "तू बसलेली असायचीस म्हणून तरी मी जायचे."

मला राग यायला हवा होता. साठ वर्षं मी ज्याचा हेवा केला ते तिच्यापाशी कधी नव्हतंच. पण राग कुठे सापडेना. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग ना," ताई म्हणाली.

"आत्ता? मोठं आहे. खूप काय काय आहे."

"आत्ताच सांग. एकोणऐंशी झाली मला. आणि सावकाश सांग, काही गाळू नकोस." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कसला तरी खण उघडल्याचा, चाचपल्याचा. "थांब, थांब हं. इतक्यात सुरू करू नकोस. चष्मा लावते."